धनंजयराव गाडगीळ : आजोबांच्या ऊसबिलातून सापडलेला अर्थतज्ज्ञ

पाटकरी

गेल्या आठवड्यात गावाकडे गेलो होतो, जुनं माळवदाचं घर उतरवायचं काम चालू आहे, तर माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत आजोबांची कागदं. पाणी-अर्जांच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, कारखान्याचं एक शेअर सर्टिफिकेट घडीवर फाटलेलं, आणि सुतळीने बांधलेला ऊसबिलांचा गठ्ठा. त्यातलं एक बिल घेऊन मी ओट्यावर बराच वेळ बसलो. वरच्या बाजूला टनेज, भाव आणि एकूण रक्कम. खाली कपाती : सोसायटी कर्ज, व्याज, तोडणी-वाहतूक, शेअर, ठेव. आणि शेवटी आजोबांच्या हातात आलेले पैसे, त्यापुढे त्यांची जोडाक्षरं सांभाळून केलेली सही. आजोबा चौथी शिकलेले, पण प्रत्येक बिलाच्या मागे त्यांनी पेन्सिलने कपाती परत जोडून बघितल्यात.

लहानपणी घरात "चेअरमन गाडगीळ" हे नाव कायम कानावर पडायचं. मला वाटायचं असतील कुणी मोठे बागाईतदार. पुढे कॉलेजात कळलं की हा माणूस केंब्रिजमध्ये शिकलेला, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संचालक, आणि शेवटी देशाच्या योजना आयोगाचा उपाध्यक्ष. प्रवरेच्या काठी उसाच्या कारखान्याचा चेअरमन तोच. हे दोन्ही एकाच माणसात कसं बसलं हा प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा.

मला जेवढं माहीत आहे तेवढं आधी सांगतो. धनंजय रामचंद्र गाडगीळ, जन्म १० एप्रिल १९०१. केंब्रिजला क्वीन्स कॉलेजात होते, तिथे केलेला प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक होऊन आला, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा, आणि तो पुढे कित्येक वर्षं कॉलेजांमधून शिकवला गेला. तेव्हा वय फक्त तेवीस. परत आल्यावर काही वर्षं सुरतेला कॉलेजचे प्राचार्य, आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था सुरू झाली तिचे पहिले संचालक. साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने जागा दिली. तिथे ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं राहिले.

आता माझ्या गावाचा संबंध. आमची जमीन पाटाखाली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले, पण पाणी आलं म्हणजे पैसा आला असं झालं नाही. पाण्यावर ऊस करायचा, उसाचा गूळ करायचा, चरक, काईल, चुलवाण, रात्रभर जागरण, आणि ढेपा घेऊन आडत्याकडे गेलं की भाव पडलेला. खाजगी साखर कंपन्या होत्या पण त्या शेतकऱ्याची जमीनच खंडाने घेऊन स्वतः ऊस लावायच्या, म्हणजे माणूस आपल्याच रानात मजूर. गाडगीळांच्या संस्थेने याच भागात, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखाली, गावोगाव पाहणी केली. तो अहवाल १९४८ चा आहे. सरकार तोवर कालव्याचा हिशेब कसा मांडायचं, तर बांधायला खर्च किती आणि पाणीपट्टी किती वसूल झाली. त्या हिशेबात दख्खनचे कालवे तोट्यातच दिसणार. गाडगीळांनी विचारलं की पाण्यामुळे या मुलखात मजुरी किती वाढली, व्यापार किती वाढला, बाजारपेठा कशा बदलल्या, हे कुणी मोजलंय का? अप्रत्यक्ष फायदा मोजायचा हा प्रयत्न आपल्याकडचा अगदी सुरुवातीचा आहे.

आणि मला भारी वाटतं ते पुढचं. मोजून अहवाल लिहून हा माणूस पुण्याला परत जाऊन बसला नाही. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आत्ताच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद झाली तिथे त्यांनी शेतकऱ्यांच्या स्वतःच्या सहकारी कारखान्याची कल्पना मांडली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ती घेऊन गावोगाव फिरले, शेअर गोळा केले, मुंबई इलाख्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. १९४८ ला संस्था नोंदली गेली आणि १९५०-५१ ला पहिला गाळप हंगाम. चेअरमन गाडगीळ, व्हाइस चेअरमन विखे पाटील. विठ्ठलरावांना माणसं माहीत होती आणि गाडगीळांना हिशेब, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास होता.

ज्यांना ऊस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊस तोडला की तासागणिक वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. ज्वारी कणगीत ठेवून भावाची वाट बघता येते, ऊस ठेवता येत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे गव्हाण, म्हणजे कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकायची जागा, तो मालक आणि ज्याच्याकडे ऊस तो लाचार. कारखाना शेतकऱ्याचा असणं याला आमच्याकडे एवढं महत्त्व का, तर यामुळे.

---

कर्वेरोड

पाटकरी, फार छान लिहिलंत. एक आधीच सांगून ठेवते कारण हा घोळ मी दहा वेळा ऐकलाय, काकासाहेब गाडगीळ वेगळे. ते नरहर विष्णू, काँग्रेसचे, नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते, नंतर पंजाबचे राज्यपाल. आपले धनंजयराव. आणि पश्चिम घाट अहवालाचे माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे चिरंजीव. बापाने कालव्याखालची गावं मोजली, मुलाने सह्याद्रीतल्या देवराया मोजल्या, आणि २०११ च्या अहवालात माधवरावांनी निर्णय ग्रामसभेने घ्यावा असं जे धरून ठेवलं ते वाचताना मला तरी धनंजयराव आठवले.

संस्थेत मी दोन वर्षं शिकले. लायब्ररीला त्यांचंच नाव आहे. तिथे संस्थेची सुरुवातीची प्रकाशनं ओळीने लावलेली आहेत आणि त्यांचे विषय बघून मी पहिल्या दिवशी चाट पडले होते. अगदी सुरुवातीचं एक प्रकाशन पुण्यातल्या फळबाजारावर! मग मोटारबस वाहतुकीवर, मग वाई तालुक्यातल्या शेतीच्या हिशेबावर. तीसचं दशक चालू आहे, जगभर मंदी आहे, आणि इथे एक केंब्रिजवाला प्राध्यापक माणसं पाठवून विचारतोय की फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत मधे किती हात लागतात आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी तर घरोघर जाऊन केलेली, कोण कुठल्या जातीचा, काय काम करतो, किती मिळवतो, कुठून शहरात आला. तिचा पहिला भाग १९४५ ला आला, दुसरा १९५२ ला. गाव-शहराच्या पाहणीचे असे कष्ट तेव्हा फार थोड्यांनी घेतले.

अजून एक. संस्थेत काळे स्मृती व्याख्यान असतं. २९ जानेवारी १९३९ ला ते डॉ. आंबेडकरांनी दिलं, फेडरेशनच्या, म्हणजे भारताच्या संघराज्याच्या प्रश्नावर, इथेच पुण्यात. त्या विषयावर गाडगीळांनी स्वतःही पुढे १९४५ मध्ये पुस्तक लिहिलं. संस्था नुसती आकडे गोळा करणारी नव्हती, तिथे त्या काळचे मोठे वाद होत होते.

---

निवृत्त_कॅशियर

मी राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली सात ग्रामीण शाखेत. तुम्ही सगळे कारखाना आणि संस्था म्हणताय पण आमच्या बँकवाल्यांच्या रोजच्या कामात गाडगीळ बसलेले आहेत आणि निम्म्या लोकांना ते माहीत नाही. लीड बँक योजना, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक, ही त्यांच्या अभ्यासगटातून आली. राष्ट्रीय पतपुरवठा परिषदेने तो नेमला होता, अहवाल ऑक्टोबर १९६९ चा. त्याच वर्षी जुलैमध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं. बँका सरकारच्या झाल्या खऱ्या, पण पुढे काय? शाखा सगळ्या शहरात, जिल्ह्याची गरज काय हे कुणालाच माहीत नाही. गाडगीळांचं म्हणणं की क्षेत्र धरून काम करा, जिल्हा धरा, तिथे काय पिकतं, कोण कारागीर आहेत, कुठे बँकच नाही ते आधी बघा आणि मग योजना आखा. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच नरीमन समितीने ते उचलून धरलं आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर १९६९ ला योजना लागू केली.

परत तेच बघा, आधी जाऊन बघा आणि मग पैसे द्या.

आम्ही शाखेत जिल्हा पतपुरवठा आराखड्याचे तक्ते भरायचो, गाववार, मार्चमध्ये रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत, आणि खरं सांगतो तेव्हा वैताग यायचा. नंतर एकदा एका कुंभाराला चाकासाठी कर्ज दिलं, साधं विजेवर चालणारं चाक, त्याचं नाव त्या तक्त्यामुळेच माझ्यापर्यंत आलं होतं. तो स्वतःहून बँकेची पायरी कधीच चढला नसता. तेव्हापासून तक्ता भरताना हात जड झाला नाही.

---

नांगरमोड

सगळं वाचलं. राग मानू नका पण थोडं कडू लिहितो. मी पण ऊसवालाच. आमच्या तालुक्यातला कारखाना माझ्या वडिलांच्या पिढीने शेअर देऊन उभा केला, माझ्या पिढीने तो आजारी पडताना बघितला आणि शेवटी कवडीमोलाने विकला गेलेला पण बघितला. वडिलांची ठेव बुडाली. कामगारांचे पगार थकले. सभेत प्रश्न विचारला तर माईक बंद. तुम्ही म्हणता गाडगीळांनी शेतकऱ्याला मालक केलं, मग हे साखरसम्राट कुठून आले? ज्या झाडाला ही फळं लागली ते झाड लावणाऱ्याला काहीच प्रश्न विचारायचा नाही का?

---

पाटकरी

नांगरमोड, रागाचा प्रश्नच नाही, तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो माझाही आहे. आजोबांच्या बिलात जी "ठेव" म्हणून कपात दिसते ती परत कधी मिळाली, किती मिळाली, हे घरात आता कुणालाच सांगता येत नाही.

पण मला एक फरक दिसतो. प्रवरेला गाडगीळ चेअरमन होते तेव्हा त्यांना तिथून काही मिळवायचं नव्हतं. निवडणूक लढवायची नव्हती, ऊस नव्हता, टेंडर नव्हतं. विठ्ठलरावांनी त्यांनाच पुढे केलं ते याचसाठी असणार, की गावातल्या दोन तटांना, दहा भाऊबंदांना ज्याच्याबद्दल शंका येणार नाही असा माणूस खुर्चीत पाहिजे. आणि माणूस पण असा की लोकप्रिय होण्यासाठी बोलणारा नाही. १९४७ मध्ये सरकारने वस्तूंच्या किमतींसाठी एक मंडळ नेमलं होतं, सनदी अधिकारी राहिलेले गोरवाला आणि गाडगीळ. धान्यावरचं नियंत्रण उठवू नका असं यांचं मत. देशभर वातावरण उलट, स्वतः गांधीजी नियंत्रण उठवण्याच्या बाजूने. यांनी मत बदललं नाही. सरकारने नियंत्रण उठवलं, किमती चढल्या, आणि पुढच्याच वर्षी परत नियंत्रण आणावं लागलं.

अशी माणसं खुर्चीत असतात तोवर रचना चालते. ती नसतील तेव्हा रचनेने स्वतः काय करायचं, याची तरतूद कमी पडली असं मला वाटतं.

---

सांख्यिकी

पाटकरी, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे पण मला वाटतं गोष्ट याहून जरा खोल आहे, आणि नांगरमोड यांच्या प्रश्नाचं उत्तर गाडगीळांच्या स्वतःच्या कामातच सापडतं.

अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी. रिझर्व्ह बँकेने करून घेतली, समितीवर गोरवाला अध्यक्ष, गाडगीळ आणि व्यंकटप्पय्या सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. प्रश्न साधा होता, शेतकरी कर्ज घेतो ते कुणाकडून? उत्तर असं आलं : सहकारी संस्था ३.१ टक्के, सरकार ३.३ टक्के, व्यापारी बँका ०.९ टक्के. आणि सावकार, शेतकरी-सावकार आणि धंदेवाईक सावकार मिळून, जवळजवळ ७० टक्के. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. पन्नास वर्षांत ३ टक्के! अहवालातलं वाक्य प्रसिद्ध आहे, सहकार अपयशी ठरला आहे पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे.

आता तो यशस्वी करायचा कसा? समिती म्हणाली की गावातल्या सावकार-व्यापाऱ्याची ताकद एवढी आहे की गरीब शेतकऱ्यांची संस्था एकटी त्याच्यासमोर टिकणारच नाही, म्हणून सरकारने भागीदार व्हावं, शिखर बँकेपासून खालपर्यंत भांडवल घालावं. तारण म्हणून जमीन बघू नका, पीक बघा. आणि कर्ज, विक्री, प्रक्रिया हे एका साखळीत जोडा. पाटकरी, तुमच्या आजोबांच्या बिलात "सोसायटी कर्ज" ही कपात कारखान्याने केलेली दिसते ना, तीच ती साखळी. सोसायटीने पिकावर कर्ज दिलं, कारखान्याने बिलातून वसूल केलं, सावकार मधून गेला. इम्पीरियल बँकेची १९५५ ला स्टेट बँक झाली तीही याच अहवालाच्या शिफारशीतून.

पण सरकार भागीदार झालं की सरकारमधला माणूसही आत येतो. भागभांडवल सरकारचं, कर्जाला हमी सरकारची, परवाना सरकारचा, मग ज्याचं मंत्रालयात वजन त्याचाच कारखाना उभा राहणार. सावकाराला हटवायला जो आधार बोलावला तोच पुढे मालकासारखा बसला. मी गाडगीळांना दोष देत नाही, ७० टक्के हा आकडा समोर असताना मी तरी दुसरं काय सुचवलं असतं माहीत नाही. पण दार त्या शिफारशीतून उघडलं हे मान्य करायला हवं.

आणि एक छोटी दुरुस्ती, इथे अजून कुणी लिहिलं नाहीये पण सर्रास लिहिलं जातं म्हणून. प्रवरा हा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असं म्हणतात, पण आंध्रात एटिकोप्पाकाला १९३३ च्या सुमारास एक सहकारी कारखाना सुरू झाला होता. मात्र ज्याच्याकडे बघून पुढे डझनावारी कारखाने निघाले तो प्रवराच.

---

वऱ्हाडी_पाहुणा

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचो तेव्हा "गाडगीळ फॉर्म्युला" पाठ केला होता, ६०-१०-१०-१०-१०. माणूस कोण ते आज कळलं.

ज्यांनी पाठ केला नाही त्यांच्यासाठी : केंद्राचा योजनेचा पैसा राज्यांना वाटायचा कसा? आधी योजनेगणिक, प्रकल्पागणिक ठरायचं, म्हणजे ज्या मुख्यमंत्र्याची दिल्लीत ऊठबस त्याचं फावायचं. गाडगीळ १९६७ ला योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले तेव्हा परिस्थिती वाईटच होती, दोन दुष्काळ होऊन गेलेले, रुपयाचं अवमूल्यन झालेलं, पंचवार्षिक योजना बंद ठेवून वर्षावर्षाच्या योजना चाललेल्या, आणि कितीतरी राज्यांत पहिल्यांदाच बिगर-काँग्रेसी सरकारं आलेली. त्यात चौथ्या योजनेसाठी हे सूत्र आलं. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँडचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के राष्ट्रीय सरासरीपेक्षा गरीब राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे-वीज प्रकल्पांना, १० टक्के खास अडचणींसाठी. आणि जे मिळेल त्यात ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज.

आता बघा, महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न सरासरीच्या वर. म्हणजे त्या गरीब राज्यांच्या १० टक्क्यांत आपल्याला शून्य. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने जो माणूस उघडपणे उभा राहिला, ज्याने उभं आयुष्य पुण्यात काढलं, त्याने दिल्लीत बसून असं सूत्र केलं की त्यात स्वतःच्या राज्याला त्या रकान्यात काही नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं.

तक्रार एकच. राज्याची सरासरी काढली की मुंबईच्या खाली आमचा विदर्भ झाकला जातो. सरासरीच्या आतली दरी त्या सूत्राला दिसत नाही. जिल्हा धरून विचार करणारा माणूस होता, कॅशियर काकांनी लिहिलंच आहे, त्यांना हे दिसलं नसेल असं वाटत नाही, पण राज्यांना वाटायच्या सूत्रात जिल्हा बसवणार कुठे हाही प्रश्न आहेच. पुढे १९८० ला सूत्र बदललं, चालू प्रकल्पांचे १० टक्के काढून गरीब राज्यांकडे वळवले. १९९१ ला परत बदललं. योजना आयोगच २०१४ नंतर राहिला नाही.

---

टोळीतली_पोर

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण हा धागा दोन दिवस डोक्यात आहे.

पाटकरी दादा, तुमच्या आजोबांच्या बिलात कपातीत "तोडणी-वाहतूक" लिहिलंय असं तुम्ही म्हणालात. त्या एका शब्दात माझी आजी, आजोबा, आई, वडील सगळे आहेत. आम्ही बीडकडचे. दिवाळी झाली की घराला कुलूप, बैलगाडी, दोन भांडी, कोंबड्या, आणि टोळीच्या मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन नगर नाहीतर सांगली-कोल्हापूर. माझी पहिली तीन वर्षं शाळेत हजेरी अर्धीच आहे. पहाटे दोनला थंडीत मोळ्या भरायला आई उठायची तेव्हा मी पाचटावर झोपलेली असायचे.

शेतकऱ्याला शेअर मिळाला, तो सभासद झाला, त्याला मत मिळालं. कोयता चालवणाऱ्याला शेअर नाही, मत नाही, कारखान्याच्या कागदावर नाव पण नाही, नाव मुकादमाचं. ज्या माणसाने फळ विकणाऱ्याचे, कारागिराचे, ३ टक्क्यांचे हिशेब केले त्याने आमचा रकाना केला होता का हे मला विचारायचंय. भांडायला विचारत नाहीये, मला खरंच जाणून घ्यायचंय. कारण केला असेल तर मला तो वाचायचाय.

---

निवृत्त_कॅशियर

पोरी, तू लिहिलंस ते बरं केलंस. मी सात वर्षं ऊसपट्ट्यात कर्ज वाटलं, तोडणीवाल्या एकाही कुटुंबाचं खातं माझ्या शाखेत नव्हतं. ते जिल्ह्याचे रहिवासीच नाहीत म्हणून आमच्या आराखड्यात बसत नव्हते. जिल्हा धरून विचार करायचा म्हटलं की जो सहा महिने या जिल्ह्यात आणि सहा महिने त्या जिल्ह्यात तो दोन्हीकडून सुटतो. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

---

पाटकरी

ताई, तुमची पोस्ट वाचल्यावर मी बिलांचा गठ्ठा परत सोडला. सगळ्या बिलांत तो रकाना आहे. नुसती रक्कम. कुणी तोडला, किती माणसं होती, काही नाही. आजोबांनी मागे पेन्सिलने केलेल्या बेरजांमध्येही ती रक्कम फक्त वजा केलेली आहे. आजी टोळीतल्या बायांना ताक द्यायची, आणि एकदा एक बाई आमच्या रानातच बाळंत झाली होती ती गोष्ट ती वारंवार सांगायची, पण त्या बाईचं नाव तिला आठवत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडून असं उत्तर की कालव्यांच्या अहवालात मजुरीचा आणि कामासाठी येणाऱ्या माणसांचा विचार आहे, कारण पाण्याने रोजगार किती वाढला हाच त्यांचा एक प्रश्न होता. पण कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस पिकवणारा, ही चौकट पहिल्या दिवसापासून तशीच आहे आणि त्यात कोयता बाहेर राहिला. ते मी नाकारणार नाही. नांगरमोड यांनी झाड लावणाऱ्याला प्रश्न विचारायचा का म्हटलं होतं, तर मला वाटतं विचारायला पाहिजेत असे दोन प्रश्न आता या धाग्यावर झाले, एक सांख्यिकींचा आणि एक तुमचा, आणि तुमचा जास्त मोठा आहे.

---

कर्वेरोड

टोळीतली_पोर, तुला संस्थेच्या लायब्ररीत यायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, बाहेरच्या वाचकाला बसून वाचायला मिळतं का, त्यासाठी काय पत्र लागेल, ते मी विचारून ठेवते.

गाडगीळांच्या शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९७१ ची निवडणूक झाली, योजना आयोग बदलला, त्यांचं दिल्लीतलं काम संपलं. सामान आवरून पुण्याला परत निघाले आणि वाटेत, रेल्वेतच, ३ मे १९७१ ला गेले. सत्तर वर्षांचे होते. दिल्लीत ते चार वर्षांहूनही कमी होते, त्याआधी सगळं पुण्यात, नगर जिल्ह्यात, वाईत, सोलापुरात. आणि त्याच वर्षी त्यांच्याच संस्थेतून दांडेकर आणि रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं काम पुस्तकरूपाने आलं, ज्यात दिवसाला इतक्या कॅलरी मिळत नसतील तर तो माणूस गरीब, असा हिशेब होता. ती परंपरा त्यांच्यामागे चालू राहिली.

---

नांगरमोड

सांख्यिकी आणि टोळीतली_पोर यांच्या पोस्ट दोन-दोनदा वाचल्या. वडिलांचं शेअर सर्टिफिकेट मी रागाने कपाटाच्या तळाशी टाकलं होतं, आज काढून ठेवलं. पाटकरी, तुमच्या बिलाचा फोटो टाकता का इथे, नाव-गट नंबर झाकून? ठेवीची कपात टनाला किती होती ते आमच्या बिलाशी ताडून बघायचंय.

---

पाटकरी

टाकतो आज रात्री. सगळ्या बिलांचे फोटो काढायला भाचीला बसवलंय, मागच्या बाजूचे पण, पेन्सिलच्या बेरजांसकट.

कर्वेरोड ताई, सोमवारी मी पण लायब्ररीत येतोय, १९४८ चा अहवाल काढून ठेवायला सांगा. आमच्या गावचं नाव पाहणीच्या यादीत आहे का ते आधी बघणार, आणि मग बाहेरून आलेल्या मजुरांचे तक्ते. टोळीतली_पोर, तुम्ही येणार असाल तर मी एसटीने सकाळी साडेदहापर्यंत शिवाजीनगरला पोचतो, तिथून एकत्रच जाऊ. तक्ते मिळाले तर उतरवून घ्यायला आपण दोघं लागू, ते रकाने बारीक असतात.